रेडिओवरचं इंग्रजी शिकवायचं आहे?

बारामती, शिरपूर, गोंदिया इथे वैमानिक घडवणाऱ्या संस्था आहेत आणि त्या परिसरात इंग्रजीचे चांगले शिक्षकही आहेत. कधीतरी एखाद्या शिक्षकाला फोन येतो, "सर, आमच्या मुलांचं इंग्रजी जरा बघता का? परीक्षा तोंडावर आलीय." शिक्षक हौसेने जातात, व्याकरणाचं पुस्तक उघडतात, काळ शिकवतात, ॲक्टिव्ह-पॅसिव्ह घोटून घेतात. महिन्याभराने मुलांचे निबंध सुधारलेले असतात. हेडसेट लावून विमानात बसल्यावर मात्र तीच मुलं पूर्वीसारखीच अडखळतात. हा लेख मुख्यतः अशा शिक्षकांसाठी आहे. ज्यांना स्वतः वैमानिक किंवा हवाई वाहतूक नियंत्रक व्हायचं आहे, त्यांनाही आपला सराव कसा करावा हे त्यातून कळेल.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करा. रेडिओवरचं इंग्रजी आधी ऐकण्याचं आणि विचारण्याचं असतं, बोलण्याचा नंबर त्यानंतर लागतो. ज्याला नीट ऐकता येतं, ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणता येतं आणि कळलं नाही तर न लाजता विचारता येतं, त्याला बाकी सगळं शिकवता येतं. याउलट फाडफाड इंग्रजी बोलणारा, पण न समजताच 'रॉजर' म्हणून मोकळा होणारा विद्यार्थी मला जास्त धोक्याचा वाटतो.

मोजमाप कसं होतं ते आधी समजून घ्या. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, हिने २००३ साली वैमानिक आणि नियंत्रकांच्या भाषेचे निकष ठरवले. ते २००८ पासून लागू व्हायचे होते, पण अनेक देशांची तयारी झाली नव्हती म्हणून २०११ पर्यंत मुदत वाढवावी लागली. या निकषांत सहा पातळ्या आहेत आणि किमान चौथी पातळी मिळाल्याशिवाय आंतरराष्ट्रीय उड्डाण करता येत नाही. भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यालाही हीच अट आहे. चौथी पातळी मिळालेल्याची दर ३ वर्षांनी आणि पाचवी मिळालेल्याची दर ६ वर्षांनी पुन्हा चाचणी होते. सहावी पातळी कायमची.

चाचणीत सहा अंगं तपासतात: उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद. यांची सरासरी काढत नाहीत. सहांपैकी सर्वांत कमी गुण ज्यात, तीच त्या माणसाची पातळी. पाच अंगांत पाचवी पातळी आणि आकलनात तिसरी, तर निकाल तिसरी. म्हणून सरसकट सगळ्यांना एकच धडा देणं हा वेळेचा अपव्यय आहे. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचं सर्वांत दुबळं अंग शोधा आणि त्याच्यावरच मेहनत घ्या. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचं दुबळं अंग बहुतेक वेळा व्याकरण नसतं, व्याकरण त्यांनी शाळेत पुष्कळ केलेलं असतं. ते असतं आकलन आणि संवाद.

आणखी एक दिलासा मुलांना पहिल्याच दिवशी द्या. चौथ्या पातळीच्या वर्णनात मातृभाषेचं वळण चालतं. त्या वळणामुळे समजण्यात वरचेवर अडथळा येता कामा नये, एवढीच अट आहे. साहेबासारखं बोलायला कोणी सांगितलेलं नाही. उलट ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे, त्यांनीही रेडिओवर वाक्प्रचार टाळावेत, सावकाश आणि सुटं बोलावं, अशी अपेक्षा आहे.

हे निकष कशातून आले, ते वर्गात सांगितलंच पाहिजे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचं बोइंग ७४७ आणि कझाकिस्तानचं इल्युशिन ७६ ही विमानं एकमेकांवर आदळली. ३४९ माणसं गेली, एकही वाचलं नाही. दिल्लीच्या नियंत्रकाने कझाक विमानाला १५,००० फुटांवर आणि सौदी विमानाला १४,००० फुटांवर राहायला सांगितलं होतं. कझाक विमान आपली उंची सोडून खाली आलं. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत जी कारणं पुढे आली, त्यांत कझाक कर्मचाऱ्यांचं तोकडं इंग्रजी आणि त्यामुळे सूचनांचा लागलेला चुकीचा अर्थ हेही होतं. त्या विमानात रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा होता आणि इंग्रजीसाठी सगळी भिस्त त्याच्यावर होती. वर्गात याचा अर्थ असा सांगा: "माझ्या शेजारच्याला इंग्रजी येतं" हे कॉकपिटमध्ये चालत नाही.

ठरीव भाषा आणि साधी भाषा

शिक्षकाला सर्वांत आधी उमगायला हवं की रेडिओवर दोन प्रकारचं इंग्रजी लागतं. एक ठरीव शब्दावली: 'क्लिअर्ड टू लँड', 'होल्ड शॉर्ट', 'स्टँडबाय', 'विल्को', 'अनेबल'. यात 'ए' नाही, 'द' नाही, बहुतेक ठिकाणी 'इज' आणि 'आर'ही नाही. इंग्रजीच्या शिक्षकाचा हात इथे सवयीने लाल पेनकडे जातो. तो आवरा. ही शब्दावली आयकाओच्या दस्तऐवजांत शब्दन् शब्द ठरलेली आहे, ती 'सुधारणं' म्हणजे बिघडवणं.

ही शब्दावली एकट्याने शिकवायच्या फंदात पडू नका. संस्थेतल्या फ्लाइंग इन्स्ट्रक्टरशी किंवा निवृत्त नियंत्रकाशी जोडी जमवा. कोणता शब्द कुठल्या टप्प्यावर, कोणाच्या तोंडी येतो हे ते सांगतील, तो शब्द मुलांच्या कानात आणि तोंडात कसा बसवायचा हे तुम्ही बघाल. त्यांच्यासोबत एखादा दिवस ब्रीफिंग रूममध्ये बसा. शक्य असेल तर परवानगी काढून टॉवरमध्ये जाऊन या. ज्याने फ्रिक्वेन्सी कधी ऐकलेलीच नाही, त्याने ती शिकवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं इंग्रजी म्हणजे साधं, रोजचं इंग्रजी, पण विमानाच्या विषयांपुरतं. ठरीव शब्द जिथे संपतात तिथे ते सुरू होतं. केबिनमध्ये जळाल्याचा वास येतोय, चाकाचं टायर फुटलंय, धावपट्टीवर कुत्रा आलाय, पक्षी धडकून काचेला तडा गेलाय, प्रवाशाला श्वास घेता येत नाहीये. यांतल्या प्रत्येक प्रसंगाचं तयार वाक्य कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. शिक्षकाची खरी गरज इथे आहे, कारण ठरीव शब्दावली इन्स्ट्रक्टरही पाठ करून घेऊ शकतो.

२० डिसेंबर १९९५ च्या रात्री कोलंबियात काली शहराकडे उतरणारं अमेरिकन एअरलाइन्सचं विमान चुकीच्या दिशेला वळलं आणि डोंगरावर आदळलं. १५९ माणसं गेली. वैमानिकांच्या विनंत्या नियंत्रकाला विसंगत वाटल्या होत्या. नंतर चौकशीत त्याने सांगितलं, की वैमानिक स्पॅनिश बोलणारे असते तर आपण त्यांना खोदून विचारलं असतं. रोजच्या कामापलीकडचं इंग्रजी त्याच्याकडे नव्हतं. त्याचे ठरीव शब्द बिनचूक होते, अपुरा पडला तो साधा प्रश्न.

त्याआधी २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ ॲव्हियांका कंपनीचं बोइंग ७०७ इंधन संपून कोसळलं आणि ७३ जण दगावले. वैमानिकांनी इंधन संपत आल्याचं सांगितलं होतं, 'प्रायॉरिटी' मागितली होती, पण 'इमर्जन्सी' हा शब्द उच्चारला नव्हता. नियंत्रकांना परिस्थितीचं गांभीर्य कळलंच नाही. आता इंधनासाठी 'मिनिमम फ्युएल' आणि त्याहून गंभीर वेळी 'मेडे मेडे मेडे फ्युएल' असे शब्द ठरलेले आहेत. मुलांना हे दोन्ही प्रसंग सांगा, पण भीती घालायला नव्हे. साधं इंग्रजी कमी पडलं तर काय होतं हे कालीत दिसतं, आणि ठरीव शब्द वापरला नाही तर काय होतं हे न्यूयॉर्कमध्ये. दोन्ही लागतात.

कान आधी

पहिले पंधरा दिवस मुलांना बोलायला कमी लावा, ऐकायला जास्त. त्यातही आकडे. हेडिंग, उंची, वेग, फ्रिक्वेन्सी, हवेचा दाब, ट्रान्सपॉन्डरचा कोड, धावपट्टीचा क्रमांक, सगळं आकड्यांत येतं आणि आकडे सुटे म्हटले जातात. 'टू फाइव्ह झिरो' एवढंच ऐकलं तर ते हेडिंग असू शकतं, फ्लाइट लेव्हल असू शकते आणि नॉटमधला वेगही असू शकतो. तिन्ही बाबतींत हा आकडा अगदी रोजचा आहे. म्हणून आकड्याच्या आधी येणारा शब्द पकडण्याचा सराव द्या. तुम्ही दहा सूचना वाचा, मुलांनी फक्त 'हेडिंग', 'लेव्हल' की 'स्पीड' एवढंच लिहायचं. दुसऱ्या फेरीत आकडा. तिसऱ्या फेरीत दोन्ही आणि कॉलसाइन. मग कॉलसाइन, म्हणजे विमानाची रेडिओवरची ओळख, मुद्दाम एकसारखे घ्या, एक ४५२ आणि दुसरा ४२५. आपला नसलेला कॉलसाइन ऐकून जो विद्यार्थी उत्तर देईल, त्याच्यासाठी ती फेरी पुन्हा.

वाचताना पंखा सुरू ठेवा, खिडकी उघडी ठेवा, मोबाइलवर इंजिनाचा आवाज लावा. शांत वर्गात चांगलं ऐकू येणाऱ्याला सेसनाच्या कॉकपिटमध्ये ऐकू येईलच असं नाही. आणि एकच आवाज ऐकवू नका. मुंबईच्या फ्रिक्वेन्सीवर अरब, रशियन, फ्रेंच, चिनी अशा सगळ्या वळणांचं इंग्रजी येतं. अपघात-चौकशीच्या अहवालांत रेडिओवरचे संवाद छापलेले असतात. अमेरिकेची अपघात-चौकशी संस्था एनटीएसबी, तिचे अहवाल तर सर्वांना खुले आहेत. ते संवाद वेगवेगळ्या लोकांकडून वाचून घेऊन रेकॉर्ड करा. शाळेतला एखादा तामिळ सहकारी, बंगाली शेजारी, जो भेटेल त्याचा आवाज उपयोगी पडतो.

ऐकल्यानंतर रीडबॅक. काही सूचना वैमानिकाने पूर्ण म्हणून दाखवायच्याच असतात: मार्गाचं क्लिअरन्स, धावपट्टीवर जाणं, ती ओलांडणं, तिच्याआधी थांबणं, उतरणं, उडणं, वापरातली धावपट्टी, हवेचा दाब, कोड, उंची, हेडिंग, वेग. इथे 'रॉजर' पुरत नाही. आणि नियंत्रकाने तो रीडबॅक कान देऊन ऐकायचा असतो, त्याला हिअरबॅक म्हणतात. वर्गात रीडबॅकचा सराव सगळेच करतात, हिअरबॅकचा कोणी करत नाही. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी क्वालालंपूरजवळ फ्लाइंग टायगर कंपनीच्या मालवाहू बोइंग ७४७ ला २४०० फुटांपर्यंत उतरण्याची सूचना मिळाली: 'डिसेंड टू फोर झिरो झिरो'. वैमानिकांनी 'टू' म्हणजे 'पर्यंत' असं समजून ४०० फूट असा अर्थ लावला आणि तसाच रीडबॅक दिला. तो कोणी दुरुस्त केला नाही. विमान टेकडीवर आदळलं, चौघेही गेले.

या एका उदाहरणावर एक पूर्ण तास घ्या. मुलांना जोडीने बसवा. एकाने सूचना द्यायची, दुसऱ्याने पाचांतला एक रीडबॅक मुद्दाम चुकवायचा, पहिल्याने तो पकडून 'निगेटिव्ह' म्हणायचं आणि बरोबर सूचना पुन्हा द्यायची. चूक पकडणाऱ्याला शाबासकी मिळते, हे मुलांच्या अंगी मुरलं पाहिजे.

मराठी तोंड, मराठी सवयी

उच्चारांवर फार दिवस घालवू नका, पण काही जागा निश्चित बघा. मराठीत 'व' एकच, त्यामुळे इंग्रजीतले दोन वेगळे 'व' आपण एकसारखे म्हणतो. 'व्हिक्टर' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत, 'व्हिस्की' म्हणताना ओठ गोल झाले पाहिजेत. एवढं दाखवलं की आठवड्यात फरक पडतो. १३ आणि ३०, १५ आणि ५० यांत आघात चुकला की घोळ होतो. त्यावर सोपा उपाय आहे, सुटे आकडे म्हणायचे. प्रवासी किती? 'फाइव्ह झिरो.' आकड्यांचे ठरवून दिलेले उच्चार तसेच घोटून घ्या: तीनला 'ट्री', पाचला 'फाइफ', नऊला 'नायनर', हजारला 'टाउझंड'. शाळेतल्या इंग्रजीत जे चूक, ते इथे नियमाने बरोबर आहे आणि आपल्या मुलांना ते सोपंच जातं.

याहून मोठी अडचण 'हो' आणि 'नाही'ची आहे. आपण विचारतो, "तुला ते विमान दिसत नाहीये ना?" आणि समोरचा म्हणतो, "हो." म्हणजे 'बरोबर, दिसत नाहीये.' हीच सवय इंग्रजीत आली की 'येस' म्हणजे 'दिसतंय' असा अर्थ निघतो. नकारार्थी प्रश्नाला 'येस' किंवा 'नो' देण्यावर वर्गात सरळ बंदी घाला. उत्तर पूर्ण द्यायचं: 'ट्रॅफिक इन साइट' किंवा 'निगेटिव्ह कॉन्टॅक्ट'. आणि जे नियंत्रक होणार आहेत त्यांना नकारार्थी प्रश्न विचारूच देऊ नका. तीच गोष्ट 'कॅन' आणि 'कान्ट'ची. रेडिओच्या खरखरीत शेवटचा 'ट' हरवतो, म्हणून 'कान्ट'ऐवजी 'अनेबल'.

तिसरी सवय संकोचाची. गुरुजींना पुन्हा विचारायचं नाही, मोठ्यांचं बोलणं तोडायचं नाही, असं आपण लहानपणापासून शिकतो. फ्रिक्वेन्सीवर नियंत्रकाचा करडा आवाज आला की विद्यार्थी अर्धवट ऐकून 'रॉजर, सर' म्हणतो. माझ्या मते मराठी मुलांना शिकवण्यातलं सर्वांत अवघड काम हेच. 'से अगेन', 'से अगेन हेडिंग', 'कन्फर्म लेव्हल', 'स्टँडबाय' हे शब्द पहिल्याच आठवड्यात द्या आणि वर्गाचा नियम करा: प्रत्येक सरावात मी एक सूचना मुद्दाम पुटपुटणार, जो 'से अगेन' म्हणणार नाही त्याचा सराव बाद. सुरुवातीला मुलं चाचरतात, मग सरावतात. 'सर', 'काइंडली', 'प्लीज', 'रिक्वेस्ट यू टू' या नम्रतेच्या माळाही सोडवा. भारतीय फ्रिक्वेन्सीवर 'नमस्कार' कानी पडतो आणि तो कानाला गोडही लागतो, पण नवशिक्याने गर्दीच्या वेळी तोंडात फक्त कामाचे शब्द ठेवावेत. 'हं', 'अच्छा', 'ओके' यांनाही रजा द्या.

'ओके' किती महागात पडू शकतो याचं उदाहरण स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा अपघात. २७ मार्च १९७७ रोजी तिथल्या धुक्यात केएलएमच्या वैमानिकाने 'वी आर नाऊ ॲट टेक-ऑफ' असं काहीसं सांगितलं. नियंत्रक 'ओके' म्हणाला आणि क्षणभराने थांबायला सांगू लागला. त्याच वेळी पॅन ॲमचं विमान आपण अजून धावपट्टीवर असल्याचं सांगत होतं. दोन्ही प्रक्षेपणं एकमेकांत मिसळली, केएलएमच्या कॉकपिटमध्ये शिट्टीसारखा आवाज आला. दोन्ही विमानं धावपट्टीवर धडकली, ५८३ माणसं गेली. त्यानंतर 'टेक-ऑफ' हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं, असा दंडक आला.

वैमानिक आणि नियंत्रक दोघंही कोल्हापूरचे असले तरी मराठीत का बोलायचं नाही, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. कारण फ्रिक्वेन्सीवर तिसराही ऐकत असतो. १९७६ साली झाग्रेबच्या आकाशात दोन विमानं धडकली, तेव्हा शेवटच्या क्षणी नियंत्रक एका विमानाशी स्थानिक भाषेत बोलला आणि दुसऱ्या विमानातल्या ब्रिटिश वैमानिकांना त्यातलं काही कळलं नाही.

एक तास जवळून

साध्या इंग्रजीचा तास कसा घ्यावा, त्याचा नमुना देतो. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवा, म्हणजे चेहरा आणि हातवारे दिसणार नाहीत. एक वैमानिक, एक नियंत्रक. वैमानिकाला प्रसंग मराठीत लिहून देऊ नका, नाहीतर तो मनात भाषांतर करत बसेल. चित्र द्या: केबिनमधला माणूस छातीला हात लावून कलंडलाय.

पहिल्या फेरीत साधारण असं ऐकू येतं: "मुंबई, सर, वन पॅसेंजर इज हॅव्हिंग सम प्रॉब्लेम, ही इज नॉट फीलिंग गुड, सो वी आर थिंकिंग टू कम फास्ट." व्याकरणाच्या पेपरात या वाक्याला बरे गुण मिळतील. रेडिओवर मात्र ते निरुपयोगी आहे. कोण बोलतंय? किती गंभीर? काय हवंय? तिन्हींचा पत्ता नाही. इथे 'हॅव्हिंग'ची चर्चा करू नका. फळ्यावर चार प्रश्न लिहा: मी कोण, काय झालं, मला काय हवं, माझ्याकडे किती वेळ आहे. आणि तेच पुन्हा बोलायला लावा. तिसऱ्या-चौथ्या फेरीला ते असं येतं: "पॅन-पॅन, पॅन-पॅन, पॅन-पॅन, मुंबई अप्रोच," पुढे कॉलसाइन, "पॅसेंजर अनकॉन्शस, सस्पेक्टेड हार्ट अटॅक, रिक्वेस्ट प्रायॉरिटी लँडिंग, रिक्वेस्ट डॉक्टर अँड ॲम्ब्युलन्स ऑन अरायव्हल." इथे 'प्रायॉरिटी'ला वजन आलंय ते आधीच्या 'पॅन-पॅन' या तातडीच्या इशाऱ्यामुळे, हे दाखवून द्या. ॲव्हियांकाची आठवण मुलं स्वतःच काढतील.

आता खरा धडा. नियंत्रकाच्या हातात तीन अनपेक्षित प्रश्न द्या: तो श्वास घेतोय का? वय किती? विमानात कोणी डॉक्टर आहे का? पाठ केलेलं वाक्य इथे संपतं आणि मुलगा गप्प होतो. या गप्प होण्यावरच तुम्हाला काम करायचंय. उत्तर माहीत नसेल तर 'स्टँडबाय, विल चेक' म्हणायचं, प्रश्न कळला नसेल तर 'से अगेन', शब्द आठवत नसेल तर दुसऱ्या शब्दांत सांगायचं. 'अनकॉन्शस' आठवला नाही? 'ही इज नॉट रिस्पॉन्डिंग' चालेल. 'लीक' आठवला नाही? 'वॉटर इज कमिंग आउट' चालेल. शब्द अडला तर वळसा घालून अर्थ पोचवता येणं हा चौथ्या पातळीच्या शब्दसंग्रहाचा भागच आहे. त्याच तासात जागा बदला, वैमानिकाला नियंत्रक करा.

शब्द शिकवताना यादी देऊ नका, एका बिघाडाभोवतीचे शब्द एकत्र द्या. धूर म्हटलं की वास, रंग, दाट की विरळ, कुठून येतोय, वाढतोय की कमी होतोय. मुलांना विमानाभोवती फिरवून हात लावत बोलायला लावलं तर हे शब्द लवकर बसतात.

नियंत्रकांचा वर्ग थोडा वेगळा घ्यावा लागतो. एअरपोर्ट्स अथॉरिटीमध्ये नियंत्रक म्हणून येणारी मुलं विज्ञानाची पदवीधर किंवा इंजिनिअर असतात, त्यांचं वाचन-लेखन पक्कं असतं आणि निवडीतच आवाजाची चाचणीही झालेली असते. त्यांची अडचण वेग ही असते. आयकाओने मिनिटाला १०० शब्दांची मर्यादा सांगितली आहे. मोबाइलवर घड्याळ लावून त्यांना ती मोजायला लावा, बहुतेकांना आपण किती पळतो ते तेव्हा कळतं. बटन दाबल्यावर क्षणभर थांबून बोलायला शिकवा, नाहीतर पहिलाच शब्द, म्हणजे कॉलसाइन, तुटतो. वैमानिकाला कळलं नाही तर तेच वाक्य मोठ्याने न म्हणता वेगळ्या, सोप्या शब्दांत सांगायचं. घाबरलेल्या वैमानिकाला एका दमात चार सूचना द्यायच्या नाहीत.

परीक्षेबद्दल थोडक्यात. विद्यार्थी दोन गोष्टींची गल्लत करतात. आरटीआर हा रेडिओ वापरण्याचा परवाना. तो पूर्वी दूरसंचार खात्याकडे होता, २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे आला. भाषा-प्रावीण्याची चाचणी वेगळी, ती तुमच्या बोलण्या-ऐकण्याची पातळी ठरवते. पहिल्यासाठी शब्दावली आणि नियम पाठ लागतात, दुसऱ्यात चित्र दाखवून किंवा प्रसंग ऐकवून मोकळं बोलायला लावतात. पाठ केलेली उत्तरं अनुभवी परीक्षकाला लगेच कळतात आणि पहिल्या उपप्रश्नालाच विद्यार्थी उघडा पडतो. तेव्हा 'अपेक्षित प्रश्नसंच' विकणाऱ्यांपासून मुलांना दूर ठेवा.

शेवटी संस्थाचालकांना एक विनंती. परीक्षेच्या महिनाभर आधी इंग्रजीच्या शिक्षकाला बोलावण्यात फार थोडं साधतं. ग्राउंड क्लासच्या पहिल्या आठवड्यापासून रोज एक तास द्या, त्या तासाला इन्स्ट्रक्टरही बसू द्या आणि विद्यार्थी पहिल्यांदा एकटा उडण्याआधी 'से अगेन' म्हणायला कचरत नाही एवढी खात्री करून घ्या.